चार बोटं जास्त

पाईपवाल्याशी माझं भांडण झालं ते सकाळी नऊ वाजता, भर बाजारात, आणि मी ते जिंकत होतो हे आधीच सांगून ठेवतो.

"पन्नास मीटर सांगून शेहेचाळीस दिलास," मी म्हणालो. "तोंड बघून माप देतोस काय?"

"भाऊ, गुंडाळीवर शिक्का आहे."

"शिक्का तुझा, पाईपही तुझा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

चार माणसं जमली. मला जोर चढला. पाईपवाल्याने मात्र दुकानाला कुलूप लावलं, मोजायचा टेप खिशात टाकला आणि माझ्या गाडीवर मागे बसला. "चला," म्हणाला. "जागेवर मोजू."

मी पंप दुरुस्त करतो. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. दगड काढून नेला, खड्डा राहिला, त्यात पाणी साठलं. खाणीच्या या टोकाला पायऱ्या आणि माझा पंप, पलीकडे आमचा भाजीचा तुकडा. पाईप चार मीटर आखूड पडला होता आणि मधलं अंतर तर बरोबर पन्नास मीटर. ते मोजायची मला गरज नव्हती, कारण माझ्या थोरल्या भावाने मोजलं होतं. दादा गवंडी. त्याच्या मापावर लोक डोळे मिटून घरं बांधतात.

हे माप त्याने पोरीसाठी घेतलं होतं. माझी पुतणी, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. गाव तिला बेडकी म्हणतं आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पायऱ्यांपासून समोरपर्यंत पोहत जाऊन हात कशाला लावायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी खाण आटली तेव्हा दादाने पायरीपासून पन्नास मीटर मोजून, पलीकडच्या काठाजवळ तळातून दगडी भिंत उभी केली. तेव्हापासून बेडकी रोज पहाटे पोहते. बाजूला दूधवाल्याच्या म्हशी डुंबतात. म्हशी तिला वाट देतात, दूधवाला देत नाही.

अडचण एकच होती. जिल्ह्याच्या शाळांच्या स्पर्धेत जायचं तर पन्नास मीटर अडतीस सेकंदांच्या आत झालं पाहिजे आणि तसा कागद मास्तरांनी सही करून पाठवला पाहिजे. गेल्या वर्षी तिचं सगळ्यात चांगलं झालं चाळीस पूर्णांक सहा. यंदा चाळीसला येऊन जी अडली ती अडलीच. शाळा संपली की स्पर्धाही संपली. परीक्षेनंतर ती मामाकडे शिकायला जाणार होती आणि मामाकडे पाणी म्हणजे माणशी एक बादली. कागद शनिवारी जायचा होता. आज गुरुवार.

पाईपवाल्याने काठावर पाईप ताणून टेप लावला. भरला पन्नास. मग पायरीपासून भिंतीपर्यंत टेप लावला. दोनदा लावला. माझ्याकडे बघून हसलासुद्धा नाही.

"त्रेपन्न मीटर, पंच्याहत्तर सेंटीमीटर. भाऊ, माझा पाईप बरोबर आहे. तुमची खाण लांब आहे."

बेडकी पायरीवर केस पिळत बसली होती. तिचा हात तसाच राहिला.

दादाला बोलावून आणलं. तो कामावरून आला, हाताला सिमेंट तसंच.

"माझं माप चुकत नाही," तो म्हणाला.

"मग परत मोज," मी म्हणालो. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

त्याने मीटरची पट्टी आणली आणि पायरीपासून मोजायला लागला. पट्टी ठेवायची, तिच्या टोकापुढे चार बोटं टेकवायची, बोटांपलीकडे रेघ मारायची, पुन्हा पट्टी. हात आपोआप चालला होता. चार पट्ट्या झाल्यावर बेडकी म्हणाली, "बाबा, ही चार बोटं कशाची?"

"ती धरायचीच असतात."

"का?"

"का म्हणजे? दगड जास्त असला तर छाटता येतो. कमी पडला तर कुठून आणायचा? माझ्या बापाने शिकवलंय."

"पाणी छाटता येत नाही, बाबा."

दादा उकिडवा बसला होता, तसाच खाली बसला. पन्नास पट्ट्या, दोनशे बोटं. मास्तरही आले होते. ते भूगोल शिकवतात आणि पोहणं पुस्तकातून शिकवतात. पाण्यात कधी उतरलेले नाहीत. त्यांनी हिशेब करायला वही उघडली, पण बेडकीचा तोंडी झाला होता. ती पुन्हा केस पिळायला लागली.

"शनिवारच्या आत पुन्हा वेळ लावू," मास्तर म्हणाले. "पण अंतर पन्नासच हवं. भिंत आत घ्या."

"वीस फूट पाण्यात?" दादा म्हणाला. मग पाण्याकडे बघून म्हणाला, "भिंत राहू दे. सुरुवात पुढे नेतो."

शुक्रवारी त्याने कामावरची परांची सोडून आणली. दोन लांब जाड फळ्या एकत्र बांधल्या आणि पायरीवरून पाण्यावर पुढे काढल्या, पावणेचार मीटर. या वेळी माप पाईपवाल्याने घेतलं. दादाने बोटं खिशात ठेवली होती.

पुढच्या टोकाला पोरगी उभी राहणार, तर मागच्या टोकाला वजन पाहिजे. दगड ठेवले, तरी फळी हलत होती. मग मी बसलो, वहिनी बसली, पाईपवाला बसला. दूधवाला म्हशींची तक्रार घेऊन आला होता, त्यालाही बसवला. शेवटी गिरणीवाल्याला आणलं आणि फळी गप्प झाली.

"बघ," वहिनी त्याला म्हणाली, "तुझं खाल्लेलं आज कारणी लागलं."

मास्तर घड्याळ घेऊन भिंतीपाशी गेले. शिट्टी वाजली आणि बेडकीने उडी घेतली.

पोहताना तिला बघणं ही वेगळी गोष्ट आहे. जमिनीवर ती चालते ते कुणीतरी ढकलल्यासारखी. पाण्यात तिला कुणी ढकलत नाही. मी तिला इतकी वर्षं पाहतोय, तरी त्या दिवशी मी शेजारच्या पाईपवाल्याचा हात गच्च धरला. दूधवाला चक्क म्हशीला ओरडला, "सरक गं!"

हात भिंतीला लागला. मास्तरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"सदतीस पूर्णांक दोन!"

आम्ही सगळे उठलो. चूक झाली ती इथे. कारण नीट दिसावं म्हणून दादा तोवर फळीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता. गिरणीवाला उठला, मागचं टोक वर गेलं आणि गावातला सगळ्यात पक्का गवंडी दगडासारखा पाण्यात गेला. त्याला पोहता येत नाही.

वहिनीने हंबरडा फोडला. मी चप्पल काढेपर्यंत बेडकी परत फिरून निम्म्यात आली होती. ती बुडी मारून त्याच्या मागून वर आली, काखेत हात घालून त्याला उताणा केला.

"बाबा, धडपडू नका. अंग सोडा. पाणी धरतं."

दादाने आयुष्यात प्रथमच काहीतरी मोजमाप न घेता मान्य केलं. अंग सोडलं. पाण्याने त्याला धरलं.

पायरीवर आणून बसवल्यावर तो बराच वेळ खोकत होता. मग हळूच म्हणाला, "गेल्या वर्षीचे चाळीस पूर्णांक सहा. ते पन्नासला किती झाले असते?"

मास्तर वही चाळायला लागले. बेडकी ओढणीने त्याचं डोकं पुसत होती.

"सदतीस आणि वर थोडं," ती म्हणाली.

"म्हणजे गेल्या वर्षीच बसत होतीस."

"हो."

दादाचा चेहरा बघवेना.

"माझ्या चार बोटांपायी तुझं एक वर्ष गेलं, पोरी."

"गेलं कुठं?" ती म्हणाली. "पाण्यातच होते की."

स्पर्धेला आम्ही सगळे गेलो, गिरणीवाल्यासकट. आठ जणींत ती चौथी आली. पहिल्या तिघींना पदकं मिळाली, चौथीला केळं. येताना गाडीत तिने ते सोलून खाल्लं.

"कसं होतं गं तिथलं पाणी?" वहिनीने विचारलं.

"निळं. तळ दिसत होता. म्हशी नव्हत्या."

"आणि?"

तिने केळ्याची साल खिडकीबाहेर टाकली. "लवकर संपलं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पंप सुरू करायला गेलो, तर बेडकी पायरीवर हजर. शाळेचं पोहणं संपलं होतं. मास्तर नव्हते, घड्याळही नव्हतं. दादा मात्र पाण्यात पाय सोडून बसला होता.

"उन्हाळ्यात खाण आटली की भिंत आत घेतो," तो म्हणाला. "तू सुट्टीला येशील तेव्हा माप बरोबर असेल."

"नको, बाबा. आहे तिथंच राहू दे," ती म्हणाली. "तेवढीच चार बोटं जास्त मिळतात."

आणि तिने उडी मारली.