निनेता पाहुणी येते

निनेताने उशीचा अभ्रा काढला, उलटा केला आणि खिडकीपाशी नेऊन त्याची शिवण उजेडात धरली. कोपऱ्यात चक्क सुरकुती. बोटभर लांब, भिंतीवर झोपलेल्या पालीसारखी.

"शी!" ती म्हणाली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. उदिने शहरातून व्हेनिसला पहिल्यांदाच आलेल्या बाईने हॉटेलातले अभ्रे उलटे करून बघायचे नसतात.

खरं तर याच हॉटेलच्या तळघरात तिने छत्तीस वर्षं इस्त्री केली होती. तिच्या हातच्या रुमालाची घडी अशी धारदार, की तोंड पुसता पुसता एका ऑस्ट्रियन सरदाराची हनुवटी कापली गेली. रक्त टिपायला दुसरा रुमाल आणला, तर तोही तिच्याच हातचा निघाला. कुणाला खोटं वाटत असेल त्याने हॉटेलच्या पोर्टरला, मोमोलोला विचारावं, म्हणजे तो तिसऱ्या रुमालाचं काय झालं तेही सांगेल. तळघराला खिडकी एकच, तीही पाण्याला टेकलेली. तिच्यातून निनेताला दिसायचे ते होड्यांचे तळ, ओल्या दोऱ्या आणि उतरणाऱ्या पाहुण्यांचे बूट. बुटावरून ती माणसाचा देश सांगायची. चेहरा मात्र एकाचाही बघितलेला नव्हता.

म्हणून सत्तरी पुरी झाली तेव्हा लेकीने विचारलं, "आई, काय देऊ तुला?" तशी ही म्हणाली, "त्या हॉटेलातली वरची खोली. एक दिवस. कालव्याकडची."

आणि तिने मनाशी ठरवलं होतं, की कुणी ओळखता कामा नये. दोन वर्षांपूर्वी ती नुसती भेटायला आली होती, तर "निनेता आली, निनेता आली" करत सगळ्यांनी तिला प्रेमाने ओढत स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं, कॉफी दिली, आणि अर्ध्या तासात ती गप्पा मारता मारता काटेचमचे पुसत होती. आपली म्हटलेल्या बाईला कुणी पाहुणी होऊ देत नाही.

या खेपेला तिने केस कापून तांबूस रंगवले, लेकीचा मोठा चष्मा लावला आणि व्हेनिसची गावबोली गिळून दूरदर्शनवरच्या बातम्यांसारखी शुद्ध इटालियन तोंडात धरली. निनेता हे हाक मारायचं नाव; ओळखपत्रावरचं खरं नाव आन्ना देल पिन. ते तिच्या नवऱ्यालासुद्धा लग्न लागतानाच कळलं होतं. हॉटेलातली माणसंही दोन वर्षांत बहुतेक बदललेली. धास्ती एका मोमोलोची. हा मुख्य पोर्टर, तीस वर्षं रोज सकाळी हातमोज्यांना इस्त्री करून घ्यायला तळघरात उतरायचा आणि भांडण केल्याशिवाय वर जायचा नाही.

आणि आज दारात नेमका तोच होता.

"या, बाईसाहेब," कमरेत वाकून तो म्हणाला होता. "व्हेनिसला पहिल्यांदाच?"

"हो. पहिल्यांदाच."

बॅग उचलून जिना चढताना त्याचं तोंड सुरू झालं. "खिडकीतून समोर लाल घर दिसेल. तिथल्या सरदारणीचं मांजर हरवलं, तर बाईंनी अख्खा कालवा उपसायला लावला. मांजर काही मिळालं नाही, पण शेजारणीचे तीन नवरे मिळाले."

त्या लाल घरात निनेताचा दातांचा डॉक्टर राहत असे. तिने जीभ चावली. "अगबाई, हो का?"

आता अभ्रा पुन्हा उशीला घालून ती खिडकीतल्या मखमली खुर्चीत बसली. खाली होड्यांची पोटं उघडी पडली होती. टोप्या, टकलं, पेरूच्या रंगाची छत्री, पुढे तोंड करून उभा राहिलेला रुबाबदार कुत्रा. वरून बघितलं की माणसं किती लहान आणि किती घाईत! वेटर कॉफी घेऊन आला तेव्हा तिचे गुडघे सवयीने दोनदा उठू लागले. तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. वेटर गेल्यावर ती एकटीच हसली.

दुपारी ती खाली दिवाणखान्यात चहाला बसली. मोमोलो तीनदा जवळून गेला. तीनदा तो वाकला, दर वेळी तितकाच, मोजून. तिसऱ्या वेळी निनेताला बिस्किट गोड लागेना.

"तुमच्याकडच्या चादरी छान आहेत हो," ती म्हणाली. "इस्त्री कोण करतं?"

"यंत्र करतं, बाईसाहेब. कपडे पुलापलीकडच्या कारखान्यात जातात."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी खाली एक बाई होती."

"हो? कशी होती?"

मोमोलोने छताकडे बघून विचार केला. "भांडखोर. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. एकदा माझ्या हातमोज्यांना इतकी खळ घातली, की बोटंच मिटेनात. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकत उभा."

"काहीतरी कारण असेल ना!" निनेता जरा मोठ्यानेच म्हणाली.

"असेल. तिच्याकडे कारणं पुष्कळ असायची."

"नाव काय तिचं?"

"नाव..." त्याने कपाळ चोळलं. "बघा, अगदी जिभेवर आहे. वय झालं, बाईसाहेब."

अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली. वर जाऊन तिने दार लावलं, चष्मा काढला आणि आरशासमोर उभी राहिली. गालाला हात लावून बघितला, केस मागे सारून बघितले. जे हवं होतं ते तर मिळालं होतं. कुणीही ओळखलं नव्हतं. खिडकीबाहेर कालवा होता तसाच चमकत होता. ती पुन्हा खुर्चीत बसली नाही.

सकाळी न्याहारीला ती चष्म्याशिवाय गेली आणि वेटरला मुद्दाम गावच्या बोलीत म्हणाली, "देव तुझं भलं करो रे बाळा." वेटर रुमानियाचा. त्याने अदबीने तिला आणखी लोणी आणून दिलं.

निघताना मोमोलोने बॅग घेतली आणि हॉटेलशेजारच्या घाटापर्यंत आला. तिथून तरीची होडी माणसांना पल्याड नेते.

"पुन्हा या, बाईसाहेब. आणि होडीत बसून घ्या हं. बाहेरच्यांना उभं राहणं जमत नाही."

या तरीत गावचं माणूस बसत नाही. नव्वदीची म्हातारीसुद्धा भाजीची पिशवी घेऊन, कशालाही न धरता, मधोमध उभी राहते. बसला तो परका. निनेता होडीत उतरली, गावच्या चार बायकांमध्ये जाऊन ताठ उभी राहिली आणि हॉटेलकडे तिने पाठ केली.

"बाई, बसा खाली!" तरीवाला बेपी ओरडला. "काल एक जर्मन गेला पाण्यात, टोपीसकट!"

"मी इथलीच आहे, मेल्या!" निनेता गावच्या बोलीत अशी कडाडली, की दोन्ही काठांवरची कबुतरं उडाली आणि त्यातली काही म्हणे अजून परतलेली नाहीत.

होडी घाटापासून सुटली होती. बेपी गोंधळून मागे बघू लागला. घाटावर मोमोलोने तोंडाभोवती हातांचा कर्णा केला.

"राहू दे रे तिला उभी, बेपी! आमची निनेता आहे ती! काल दारातच ओळखलं मी! छत्तीस वर्षं उभीच होती!"

निनेताने वळून बघितलं. मोमोलो वाकला नव्हता. नुसता उभा होता, हात खाली सोडून.

होडी मधल्या पाण्यात आली. निनेताने बॅग पायाशी ठेवली, झगा सारखा केला आणि त्या चार बायकांच्या डोळ्यांदेखत फळीवर ऐसपैस बसली.

"सावकाश ने रे," ती बेपीला म्हणाली. "मला काही घाई नाही."