कडेवरचं मूल

निरीक्षकबाई येणार म्हटल्यापासून मावशीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालायचं, आणि आजवर ते फक्त तिच्या शब्दावर चाललं होतं. आता सरकारने घरगुती पाळणाघरांना नियम लावले होते. आसपासच्या पाळणाघरवाल्या बायकांनी मिळून संघ काढला आणि तपासणीसाठी पहिलं घर मावशीचं पुढे केलं. पास झाली तर परवाना, नाही तर पाळणाघर बंद. कोपऱ्यावरची धाकटी जाऊही संघात होती. तिच्या आधी आपल्या दारावर पाटी लागणार, या विचाराने मावशीला मनातून गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोला?

निरीक्षकबाई आल्या त्या पायातलं काढून थेट स्वयंपाकघराकडे. मुलांनी गॅसपाशी जाऊ नये म्हणून बसवलेलं लाकडी फाटक त्यांनी गदागदा हलवून पाहिलं. औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढलं. मग चक्क गुडघ्यांवर बसून रांगत्या पोराच्या उंचीवरून सगळी खोली न्याहाळली. मावशीचा ऊर भरून आला. इतकं बारकाईने तिचं घर सासूनेही पाहिलं नव्हतं, आणि सासूबाई काही कमी नव्हत्या.

"एका बाईकडे सहाच मुलं," निरीक्षकबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे सात दिसताहेत."

सहाच आहेत, मावशी ठामपणे म्हणाली आणि बोट नाचवत मोजायला लागली. गुंड्या, दोन्ही जुळ्या, शिंकणारा, झोपाळू, नवी आलेली. सहा. पुन्हा मोजलं, सहाच. शेजारचं एखादं घुसलं असेल म्हणून तिने पलंगाखालीही वाकून पाहिलं. काखेत कळसा न् गावाला वळसा, दुसरं काय!

"आणि कडेवर कोण आहे?"

"ही? ही माझी नात."

लेक कामावर जायची, नात दिवसभर आजीच्या कमरेला चिकटलेली. तिला कोण मोजणार? घरचं मूलही धरायचं, असा नियम निरीक्षकबाईंनी शांतपणे सांगितला. मावशीचा पारा चढला. घरचं पोर काय, येता-जाता वाढतं, त्याला कसला आलाय नियम, असं तिने सुनावलं, आणि नीट भांडता यावं म्हणून नातीला खाली ठेवलं.

नात दुडुदुडु निघाली ती थेट गुंड्याच्या ठोकळ्यांच्या मनोऱ्याकडे. मनोरा दोघांच्या अंगावर धडाडकन कोसळला. दोघांनी एकदम टाहो फोडला. मावशीने झेप घेतली, नातीला उचललं, डोकं चाचपलं, हातपाय पाहिले, मुके घेतले. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग तिने वळून पाहिलं. गुंड्या हात वर करून उभा होता. त्याचा ओठ फुटला होता आणि त्याने रडणं थांबवलं होतं. नातीकडे जाताना आपण त्याला ओलांडून गेलो, हे तिला तेव्हा कळलं.

निरीक्षकबाईंनी वही उघडली.

"सात," मावशी म्हणाली. "सात लिहा, बाई."

नातीला खाली ठेवून तिने गुंड्याला घेतलं, ओठाला गार पाण्याचा बोळा लावला. त्याला छातीशी धरूनच तिने जाऊला फोन केला. तिच्याकडे एका मुलाची जागा होती. परवान्यावर सही झाली तेव्हा संघातल्या बायका दाराबाहेर कान लावूनच उभ्या होत्या. त्यांनी असा काही गलका केला की झोपाळूसुद्धा जागा झाला. मावशी हसत होती, रडत होती, पाटी कुठे लावायची यावरून सगळ्यांशी हुज्जत घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नातीला जाऊच्या हवाली केलं. जाऊने घेतलं न घेतलं तोच आत एक पोर पाय अडकून आपटलं. नातीला तिथेच खाली ठेवून जाऊ तिकडे धावली. नातीने भोकाड पसरलं. मावशीचा पाय जाऊच्या उंबरठ्यावरच्या बुटक्या फाटकापलीकडे पडलासुद्धा.

"ताई, तुम्ही बाहेरच थांबा," जाऊ मागे न बघता म्हणाली. "याला लागलंय. तिला नुसता राग आलाय."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी जाऊ आपल्याला बाहेर थांबायला सांगते! पण रडणं रागाचंच होतं. ते आजवर एकट्या मावशीला ओळखता यायचं. तिने पाय मागे घेतला, डोळे पुसले आणि झपाझप घरी निघाली. निरोपसुद्धा घेतला नाही.

दारात गुंड्याची आई त्याला घेऊन उभीच होती. सुजलेल्या ओठाने गुंड्या हसला. मावशीने दोन्ही हात पुढे केले.