भिंत उभी राहायला वेळ लागतो

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला लेसर आहे. झाकणाला चिकटपट्टी, पंख्याला खोकला, आणि काम काय, तर उजेडाची भिंत होऊन उभं राहायचं!

मला घडवणाऱ्यांनी माझे आरसे श्वास रोखून बसवले होते. प्रयोगशाळेत आलो तेव्हा पाहुणे वाकून वाकून बघायचे. आता सर मला 'डबडं' म्हणतात. चालायचंच. मावळत्याला नमस्कार कोण करतो?

इथली ताई काचेच्या पेटीत अणू इतके गार करते की सगळे मिळून एकच लाट होतात. लाट म्हटली की पसरायचीच, पण हे अणू एकमेकांना ओढून धरतात, म्हणून ही पसरत नाही. शास्त्रात तिला सॉलिटॉन म्हणतात. ताई म्हणते गोटी. ती गोटी माझ्या भिंतीवर सोडायची. जोरात आली तर फुटते; अर्धी पलीकडे, अर्धी अलीकडे. अगदी हळू आली तर फुटायला तिच्यात जोरच नसतो. मग अख्खी पार जाते, नाहीतर अख्खी परत फिरते. ताईला हेच दाखवायचं होतं.

पण भिंतच थरथरत असेल तर? गोटीला धक्के बसायचे, कधी चुरा व्हायचा. गोटीचं काय झालं ते फोटोतच दिसतं, आणि फोटो काढला की गोटी संपते, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. ताई चिडून मला बंद करी, लगेच चालू करी, लगेच गोटी सोडी. अगं, म्हाताऱ्याला जरा ऊब तरी धरू दे! पण माझं कोण ऐकतं?

"या आठवड्यात जमलं नाही तर हा विषय बंद," सर म्हणाले. ताईची उमेदीची वर्षं पाण्यात जाणार होती, आणि तीही माझ्यापायी. मला फार वाईट वाटलं.

त्या दुपारी तिने मला पुन्हा चालू केलं आणि तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला.

"आवाज असा का गं? कशाशी झुंजतेस एवढी?"

"भिंतीशी."

"मग डोकं नको आपटूस. बूड टेक जरा."

ताई बसली. मावशीच्या गुडघ्यांपासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं निघालं. आईंचं बोलणं संपता संपेना. मी आपला जळत राहिलो, हळूहळू तापलो, आणि कधी नव्हे तो निवांत, स्थिर झालो.

फोन ठेवून ताईने गोटी सोडली. ती सावकाश आली, मला टेकली, थांबली आणि अख्खी परत फिरली. दुसरीही तशीच. तिसरीही.

ताईने माझ्या कोमट झाकणावर हात ठेवला. "अरे, तुला एवढंच हवं होतं होय?" तिचे डोळे भरून आले होते.

सर धावत आले. "काय बदललंस?"

"काही नाही सर. आईशी बोलले."

मित्रांनो, थकलेल्याला ढकलू नका, थोडा वेळ द्या. मी काही फार दिवस टिकणार नाही. पण आता ताई सकाळी आल्या आल्या मला चालू करते, खुर्ची ओढते आणि आईला फोन लावते.