गिरणीच्या दारातली बाई

वीस तोंडांचा निळा फासा घरंगळत जाऊन चिवड्याच्या बशीला टेकला. वर कुठला आकडा आलाय ते करिष्माला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं... कारण प्रज्वल नुकताच म्हणाला होता, "गिरणीच्या दारात एक बाई उभी आहे. चेहरा थेट रेवासारखा. कडेवर पत्र्याचा डबा. डब्यातलं पीठ अजून गरम आहे."

गरम आहे. हे त्याचं नव्हतं. माझं होतं हे, मी दिलेलं.

"बापरे," मिनल म्हणाली. "रेवाची आई! अगं करिष्मा, माझ्या अंगावर काटा आला."

काटा आला म्हणे. येऊ दे बाई, तुलाही येऊ दे. गुरुवारची कंपनीला सुट्टी, म्हणून दर गुरुवारी दुपारी ते चौघं मोशीत प्रज्वलच्या घरी वरच्या मजल्यावर हा फाशांचा, गोष्टीचा खेळ खेळायला जमत. कुणी काल्पनिक राज्यातला चोर व्हायचं, कुणी वैद्य, आणि प्रज्वलने ते सगळं राज्य तोंडाने उभं करायचं – वाटा, जंगलं, वाटेत भेटणारी माणसं, सगळ्यांचे आवाज त्याचेच. विक्कीच्या चोराची बॅकस्टोरी तर संपता संपत नसे. त्याच्या मामाचा मामासुद्धा राजा. आणि करिष्माने पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते एवढंच – नाव रेवा, तिरंदाज, आई नाही.

"एवढ्यावर कॅरेक्टर उभं कसं राहणार?" प्रज्वलने तेव्हा विचारलं होतं.

"माणसं राहतातच की," ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. ती पण हसली होती, मूर्खासारखी.

...आई दळण घेऊन जाते म्हणाली. अंबाजोगाईची ती भर दुपार. डबा गिरणीत रांगेला लावला आणि तिथूनच ती निघून गेली – कुठे, कुणाबरोबर, का, काही नाही. डब्याचा नंबर आला, ज्वारी दळून झाली. संध्याकाळी बाबा डबा घेऊन आले तेव्हा मी झाकण काढून हात घातला होता. पीठ गरम होतं. आई नाही आणि पीठ गरम! त्याच पिठाच्या भाकरी आम्ही पुढे किती दिवस खाल्ल्या. मग आत्या म्हणाली, मेली म्हणून सांगत जा. मेलेल्या माणसाबद्दल कुणी खोदून विचारत नाही. आत्याचं खरं होतं. कुणी विचारलं नाही.

मिनलनेही नाही. ती खोलीतली जोडीदारीण, साताऱ्याकडची, सगळं रीतीभातीने करणारी. पितृपक्षात म्हणाली, "तुझी आई सवाष्ण गेली ना गं? मग आज अविधवा नवमी. पान ठेवायलाच हवं." आणि तिने खरंच पहाटे उठून खीर, वडे, भाजी, सगळं केलं. नको म्हणायला तोंड कुठे होतं? गच्चीवर पान ठेवलं, नि कावळा लगेच आला. लगेच! मिनलचे डोळे भरले. "बघ, आईची काहीच इच्छा मागे राहिली नव्हती." करिष्मा हात जोडून उभी. कुठल्या तरी गावात ती बाई त्या घटकेला चहा पीत असेल, भांडी घासत असेल, आणि इकडे पोटची पोर तिचं पान कावळ्याला घालत होती.

ते एकटीला पचेना. दुसऱ्या दिवशी कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकली, नेहमीसारखी, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. शेजारी प्रज्वल होता. सांगून टाकलं सगळं, गरम पिठासकट.

"माझ्या पोटात राहील," तो म्हणाला होता. "आईशप्पथ."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि वर चेहरा बघा त्याचा! लबाड असता तर बरं झालं असतं, थोबाडीत मारून मोकळं होता आलं असतं. पण तो नुसता उजळला होता, वाढदिवसाला गुपचूप केक आणणाऱ्यासारखा. त्याला वाटत होतं, त्याने रेवाला काहीतरी दिलंय.

उठून जावं. पण उठले तर मिनल विचारणार, काय झालं गं? आणि मग त्या पानाचं काय सांगायचं, त्या खिरीचं?

"बोल, रेवा काय करते?" प्रज्वल म्हणाला.

"पुढे जाते. थांबत नाही."

"अरे राव, आई आहे तिची!" विक्की चिवडा खाता खाता ओरडला.

"तिला आई नाही. मी सांगितलं होतं."

प्रज्वलने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा चेहरा जरा उतरला. काहीतरी चुकलंय एवढं कळलं असावं, पण खेळ पुढे रेटायची खोड. हलक्या आवाजात तो म्हणाला, "बरं. रेवा पुढे जाते. पण ती बाई मागून हाक मारते."

"कशी?"

कोण बोललं हे? मीच.

"फासा टाक. पंधराच्या वर आला तर तिने ओळखलंय, नावाने हाक मारेल. खाली आला तर... वाटसरू समजून."

शाब्बास. म्हणजे माझ्या आईने मला ओळखायचं की नाही, हे आता फाशावर. आणि ओळखलंच तर बोलणार प्रज्वल. इतकी वर्षं ज्या हाकेचं मी नावही काढलं नाही, ती ह्याच्या तोंडून, विक्कीसमोर, चिवड्याच्या बशीवरून. ह्या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही. बसमध्ये शेजारी बसायचं नाही. ठरलं.

तिने फासा उचलला. मुठीत त्याची टोकं रुतली.

पंधराच्या वर येऊ दे.

ती दचकली. हे मात्र तिने प्रज्वलला सांगितलं नव्हतं. बसमध्ये नाही, गच्चीवर हात जोडून नाही, स्वतःलासुद्धा कधी नाही. मग हे आतून कुणी फोडलं?

"टाक ना गं," मिनल म्हणाली.

मूठ उघडेना. प्रज्वलवरचा राग तसाच होता, एवढाही कमी झाला नव्हता – आणि तरी ती मान खाली घालून मनातल्या मनात ऐकत होती, त्याने ती हाक कुठल्या आवाजात मारली असती ते.