दोन वाजता येणारे संत

शुक्रवारी दोनच्या सुमारास बायकांच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ नंबरच्या खाटेभोवती माणसं गुडघे टेकून बसली होती. डोन्या नेरेइदाच्या, म्हणजे नेरेइदाबाईंच्या, अंगात संत मिगेल यायची वेळ झाली होती.

नेरेइदा म्हणजे नारळाच्या वड्या विकून तीन मुली वाढवलेली बाई. मधुमेहानं मूत्रपिंडं गेली, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी डायलिसिस. संतही नेमके त्याच दिवशी येत. तिला घाम फुटे, हात थरथरत, मग ती बरळू लागे.

"चेहऱ्यावरचं तेज बघा," रोसेंदो म्हणाला. हा स्वतःला संतांचा सेवक म्हणवायचा. "तीनशेची साखर माझ्या झाडाच्या सालीच्या पाण्यानं सत्तरवर आणली. आता डायलिसिस बंद करा. आणि संत उतरेपर्यंत तिला घास देऊ नका, त्यांना उष्टं तोंड चालत नाही."

"संतांना डायलिसिसचे वार कुणी कळवले?" मी विचारलं.

"संत वेळेचे पक्के असतात, सिस्टर. तुमच्या डॉक्टरांसारखे नाहीत."

माणसं हसली. मी सकाळी सहापासून उभी होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असे पाच-सहा सेवक पाहून झाले होते, वाद घालायचंही त्राण नव्हतं.

नेरेइदा मेलेल्या आईला हाका मारत होती. मी तिचा हात धरला. गार, ओलाचिंब. बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला अडतीस.

"यामिलेत," मी थोरल्या मुलीला म्हटलं, "आईची साखर फार खाली गेलीय. मेंदू उपाशी आहे. आणखी वेळ घालवला तर ती उठायची नाही."

"सेवकाला विचारल्याशिवाय हात लावू नका," मागून कुणीतरी म्हणालं.

यामिलेतनं रोसेंदोकडे पाहिलं, मग आईकडे. "लावा, सिस्टर."

शिरेतून ग्लुकोज दिलं. पाचेक मिनिटांत नेरेइदा शुद्धीवर आली. "एवढी गर्दी कशाला? कोण मेलं? आणि माझं जेवण कुठंय?"

"संत रागावून गेले," रोसेंदो पुटपुटला.

"गोड सोसलं नसेल त्यांना," शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली.

मग मी औषधांचा कागद काढला आणि माझीच मान खाली गेली. मूत्रपिंडं शरीरातलं इन्सुलिन मोडून टाकतात. तिची ती कामातून गेलेली, त्यामुळे सकाळी टोचलेलं इन्सुलिन दुपारपर्यंत साखर उतरवत राहायचं. तरी डोस जुनाच चालू होता. वर डायलिसिसमुळे जेवणाचं ताट हुकायचं. रोसेंदोनं फक्त वार आणि वेळ ध्यानात ठेवून भाकीत केलं होतं. चूक आमची होती, श्रेय त्यानं घेतलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि डोस कमी केला.

सोमवारी दोनला माणसं पुन्हा जमली. नेरेइदा भात खात, मीठ नाही म्हणून कुरकुरत होती. संत आले नाहीत. रोसेंदोही नाही. पुरुषांच्या वॉर्डात कुणाची तरी साखर उतरू लागली होती, तो तिथं होता.

"आमचं चुकलं का, सिस्टर?" यामिलेतनं विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते आमचं काम होतं."

ते सांगायचं काम आता करते. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाची साखर आपोआप उतरू लागली, तर नवस फेडायला धावू नका, डॉक्टरांना गाठा. घाम आला, हात थरथरले, माणूस बरळू लागला, तर हात जोडण्याआधी बोट टोचा.