उंबरठ्यापुरतं घर

“घर घेताना आधी उंबरठा बघ,” सासूबाई सांगायच्या.

सांगलीच्या भर पेठेतल्या त्या घराचं पुरानंतर दार आणि उंबरठाच उरला होता. तरी एजंट अफताबभाईंनी वळसा घालू दिला नाही. चपला काढायला लावून कुलूप उघडलं.

“अहो, भिंती कुठायत?” हे म्हणाले.

“भिंती कवाबी बांधता येत्यात, सायेब. लोकेशन बघा!”

आत मालकीण इंदुमतीकाकू उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. “गिऱ्हाईक मिळेपर्यंत उंबरठा पुजशील, बाई? माझे गुडघे वाकत नाहीत.”

घर आपलंच होणार असं धरून मी हो म्हटलं.

यांनी साताऱ्यात नवाकोरा फ्लॅट घेतला. भिंती चकचकीत, उंबरठाच नाही.

आज पहाटे हळदकुंकू, रांगोळी पिशवीत घातली आणि सांगलीच्या एसटीसाठी हळूच बाहेर पडले.