हवेत हरवलेली नावं

मित्रांनो, माझ्याकडे आता फारसं कुणी पाहत नाही. कसबा पेठेत, जिथे दिवसभर तांब्यावर हातोडीचे ठोके ऐकू येतात, तिथल्या एका माळ्यावर जुन्या सतरंजीखाली मी बसून असतो. मी एक जुना संगणक आहे. माझा पडदा पिवळट पडला आहे आणि कळफलकावरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून टाकली आहेत. त्या बोटांचा मला राग नाही. त्यांनीच मला काम दिलं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. तपकीर गल्लीतल्या चिंचोळ्या दुकानात मेहबूब नावाच्या कारागिराने मला जोडलं. एक भाग इकडून आणला, एक तिकडून. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, चांगल्या घरी पडतोयस."

ते घर म्हणजे तात्यारावांचं रक्तदाता संपर्क केंद्र. तात्याराव रेल्वेतून निवृत्त झालेले. पुण्यात तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या, जो तो संगणकाचं नाव घेत होता, म्हणून तात्यारावांनीही पेन्शनीतून मला घेतलं. केंद्रात रक्त साठवत नसत. रक्त द्यायला तयार असलेल्या माणसांची नावं, गट आणि फोन नंबर साठवत. दवाखान्यातून फोन आला की अमुक गटाची माणसं कुठे आहेत ते शोधायचं आणि त्यांना बोलवायचं, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामाची वाट पाहत कुणीतरी खाटेवर पडलेलं असे.

ते काम कमरजहां करत. कसब्यातच लहानाच्या मोठ्या झालेल्या, चाळिशीच्या बाई. सगळे त्यांना कमरताई म्हणत. त्या एका बोटाने लिहीत, पण लिहिलेलं पुन्हा वाचून बघितल्याशिवाय पुढे जात नसत. फोनवर त्यांचा आवाज असा की पलीकडचा माणूस हातातला घास ठेवून निघे.

काम वाढलं. तात्यारावांनी गल्लीच्या पलीकडच्या इमारतीत आणखी एक खोली घेतली, तिथे दोन संगणक आले आणि गल्लीवरून एक तार ओढून ते मला जोडले. नावांची फाइल मात्र एकच, आणि ती माझ्या पोटात. पलीकडचे संगणक ती फाइल स्वतः उघडत, हवं ते पान ओढून नेत, त्यावर लिहीत आणि परत आणून ठेवत. मी नुसता कपाटासारखा उभा. कोण काय लिहितंय, पुरं झालं की अर्धवट राहिलं, हे बघायची अक्कल माझ्यात घातलेलीच नव्हती. तार पक्की होती, म्हणून कधी काही बिघडलं नाही. वर्तमानपत्रात केंद्राबद्दल छापून आलं तेव्हा फोटोत तात्यारावांच्या शेजारी मीही होतो. खरं सांगतो, थोडा फुगलो होतो.

ती तार दर गणपतीत मांडवाला अडकायची. मंडळाची मुलं रात्री ती सोडवून बाजूला करायची आणि पुन्हा जोडायला विसरायची. तात्याराव वैतागले होते. तेव्हाच आमच्याकडे राजनंदिनी येऊ लागली. ती अमरावतीची, हिंजवडीला नोकरीला, शनिवार पेठेत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. सुट्टीच्या दिवशी केंद्रात फुकट काम करायची. मनाने लख्ख मुलगी.

"तात्या, ही तार कशाला सांभाळून राहिले तुम्ही?" ती म्हणाली. "वायरलेस लावू ना. मी आणते, माझ्याकडून."

"हवेतून काम होणार असेल," तात्याराव म्हणाले, "तर मधून मधून चहाही हवेतूनच पाठवत जा समोर. माझे जिने वाचतील."

पण ते खूश होते. राजनंदिनीने वायरलेसच्या दोन पेट्या आणल्या, एक माझ्याजवळ, एक पलीकडे. तार गुंडाळून खिळ्याला टांगली. पलीकडच्या पडद्यावर इंटरनेट झरझर चालू लागलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

मित्रांनो, हवेतला दुवा नाजूक असतो. कसब्यातल्या भिंती हातभर जाड. कधी दार लागलं, कधी शेजारच्या कुणी आपली पेटी चालू केली, की आमचा दुवा क्षणभर तुटे आणि पुन्हा जुळे. बातम्यांचं पान वाचणाऱ्याला ते कळतही नाही, कारण पान पुन्हा मागवता येतं. पण माझ्या फाइलमध्ये लिहिता लिहिता दुवा तुटला, तर अर्धं लिहिलेलं माझ्याकडे पोचे आणि अर्धं वाटेतच राही. पलीकडच्याला वाटे, आपण लिहिलं. मला वाटे, अजून कुणी लिहितंय. मग 'फाइल वापरात आहे' अशी पाटी पडद्यावर येऊन बसे, आणि वापरणारं तर कुणीच नसे.

कमरताईंनी ते पहिल्यांदा पाहिलं. "नंदिनी बेटा, आज दोनदा अडकलं हे."

"रिपेअर मारते कमरताई, एका मिनिटात होते."

रिपेअर केलं की फाइल उघडायची. पण ते कसं असतं सांगू? फाटलेल्या कपड्याला टाके घालताना शिंप्याने चुरगळलेला भाग कापून टाकावा, तसं. जी नावं नीट जुळत नसत, ती नावं हे रिपेअर मुकाट्याने गाळून टाके. काय गाळलं, हे सांगतही नसे.

"माणसं कमी दिसतात गं," कमरताई एकदा म्हणाल्या.

"तसं कसं होईल? एररच नाही आली ना," राजनंदिनी म्हणाली. तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिला तसंच वाटत होतं. पोट हलकं होत चाललंय हे मला जाणवत होतं, पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

असे बरेच महिने गेले. मग एका शनिवारी दुपारी जवळच्या प्रसूतिगृहातून फोन आला. राधा नावाची एक बाई बाळंत झाली होती, बाळ ठीक होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. हाताशी असलेल्या रक्ताच्या बाटल्या संपल्या होत्या, आणखी हव्या होत्या.

कमरताई माझ्यापुढे बसल्या. त्याच वेळी पलीकडच्या खोलीत राजनंदिनी नव्या शिबिरातली नावं भरत होती. तिचा दुवा तुटला. माझ्या पडद्यावर पाटी आली, आणि या वेळी फाइल उघडेचना.

राजनंदिनी जिने उतरून, गल्ली ओलांडून धावत आली. रिपेअर केलं. फाइल उघडली. कमरताईंनी ओ निगेटिव्हची यादी काढली आणि त्यांचा हात थांबला.

"एवढीच?"

त्यांनी तेवढ्यांना फोन लावले. एक गृहस्थ मुंबईला गेलेले. एकीने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. एका नावापुढे नंबराच्या जागी नुसत्या चौकटी होत्या. एक बाई मात्र लगेच निघाली. पण डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा दाता हाताशी असू द्या.

"लोणीचे कोंडीराम कुठे गेले?" कमरताई म्हणाल्या. "लोणी काळभोरचे. गुऱ्हाळावर असतात ते. दर वेळी काकवी घेऊन यायचे."

राजनंदिनीने नाव शोधलं. गावाने शोधलं. कोंडीराम नव्हतेच. जणू कधी नव्हतेच. तिने हळूच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती.

"आडनाव काय त्यांचं?" तात्यारावांनी विचारलं.

"काळभोर."

"छान. लोणीत जाऊन काळभोर कुठे राहतात विचारा, अख्खं गाव हात वर करेल." पण बोलता बोलता त्यांनी राजनंदिनीच्या हातात तिच्या स्कूटरची किल्ली ठेवली. "जा दोघी. कमरताई चेहऱ्याने ओळखतात. मी इथे फोनवर बसतो."

पुढचं मी पाहिलं नाही. नंतर कमरताई तात्यारावांना सांगत होत्या, तेव्हा ऐकलं. सोलापूर रस्त्याने धूळ खात त्या लोणीला पोचल्या. गुऱ्हाळं विचारत विचारत फिरल्या. तिसऱ्या ठिकाणी चुलाणापाशी कढईतला रस ढवळत कोंडीराम उभे होते. कमरताईंना पाहून त्यांनी हातातलं दुसऱ्याकडे दिलं.

"ताई? तुमी हितं?"

"रक्त हवंय कोंडीरामभाऊ. एक बाळंतीण आहे. तब्येत बरी आहे ना तुमची?"

"तब्येत झकास हाय." ते डोक्याचं फडकं सोडून हात पुसू लागले. मग थोडं थांबून म्हणाले, "पर वरीस झालं, तुमचा फोन न्हाई. म्या मनात म्हनलं, आपलं रगत आता यांना चालत नसंल. इचारायची बी लाज वाटली."

राजनंदिनीने स्कूटर सुरू केली. परत येताना ती स्कूटर चालवत होती, आणि मागे कोंडीराम आपल्या मोटारसायकलवर येत होते. हडपसरच्या सिग्नलला ती थांबली तेव्हा कमरताईंना दिसलं की ती रडतेय. "रडू नकोस बेटा," कमरताई म्हणाल्या, "सिग्नल सुटलाय."

कोंडीरामांनी रक्त दिलं. राधा वाचली. संध्याकाळी प्रसूतिगृहातून फोन आला. तात्यारावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. राजनंदिनी माझ्यासमोर खुर्चीत बसली होती.

"तात्या, मला वाटलं फाइल म्हणजे फाइल. ते गाळलेले लोक तिकडे वाट पाहून राहिले असतील, हे डोक्यातच नाही आलं."

"माझ्याही नाही आलं," तात्याराव म्हणाले. "कमरताई सांगत होत्या, आणि आपण दोघं पेढे खात होतो."

दुसऱ्याच दिवशी राजनंदिनीने खिळ्यावरची तार काढून पुन्हा गल्लीवर ओढली, मांडवाच्या वरून, उंच. हवेतली पेटी इंटरनेटपुरती ठेवली. पुढे तिने माझ्यात नवी व्यवस्था बसवली. आता फाइलला हात फक्त मी लावणार. बाकीच्यांनी मला सांगायचं, मी लिहिणार आणि पुरं झालं की कळवणार. मध्येच दुवा तुटला तर ते अर्धवट लिखाण मी पुसून टाकणार आणि आधीचं जसंच्या तसं राखणार. मित्रांनो, त्या दिवशी मी कपाट राहिलो नाही. मला राखणदारी मिळाली. शिवाय रोज संध्याकाळी फाइलची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायची असं ठरलं. आधी तेही कुणी करत नव्हतं.

हरवलेली माणसं शोधायला बरेच दिवस लागले. वायरलेस येण्याआधी मेहबूबच्या दुकानात माझी डिस्क बदलली होती, तेव्हाची एक जुनी प्रत त्याच्याकडे सापडली. त्यातून नावं काढून तात्याराव स्वतः एकेकाला फोन लावत. असा ताठ माणूस, पण प्रत्येकाला सांगे, "चूक आमची. आम्ही तुम्हाला हरवलं होतं. अजून याल का?" काहींचे नंबर बदलले होते. काही कायमचे हरवले. पण जे सापडले, त्यांतल्या बहुतेकांनी विचारलं, "कधी येऊ?"

त्यानंतर मी कितीतरी वर्षं काम केलं. मग माझे पंखे कुरकुरू लागले आणि नवा संगणक आला, काळा, सडपातळ. राजनंदिनीने माझ्यातली नावं त्यात उतरवली. "दोन्हीकडची बेरीज सेम आहे," ती म्हणाली.

"बेरीज राहू दे," कमरताई म्हणाल्या. "तू तिकडचं नाव वाच, मी इकडचं बघते."

राजनंदिनी हसली नाही. तिने खुर्ची ओढली आणि वाचायला लागली. एक नाव ती म्हणे, कमरताई माझ्या पडद्यावर बोट ठेवून "आहे" म्हणत. "आहे, आहे," असं कितीतरी दुपारी चाललं. शेवटच्या नावालाही "आहे" म्हणून झालं, तेव्हा कमरताईंनी माझ्यावरची धूळ आपल्या ओढणीने पुसली आणि स्वतःच्या हाताने मला बंद केलं.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत माझ्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्रं असतील. त्यांना धुळीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण एखादं यंत्र पुन्हा पुन्हा अडखळत असेल, तर ते चालू झालं एवढ्यावर खूश होऊ नका. थांबा, आणि आतलं काय गेलं ते बघा. कुणी म्हणालं, "माणसं कमी दिसतात," तर त्याचं ऐका. कारण यंत्रातून गळलेलं नाव ओरडत नाही. ते कुठेतरी आपल्या कामापाशी उभं असतं, आणि त्याला वाटत असतं की आपली आता कुणाला गरज उरलेली नाही.